आग पेटते ते पान

पारोळ्याच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सहावीत आहे. गेल्या वर्षापासून तो एकाच जातीची पुस्तकं वाचतो. विमान पडलं आणि मुलगा जंगलात एकटा उरला, जहाज फुटलं आणि माणूस बेटावर अडकला, बर्फात वाट चुकली, असलं सगळं. वाचलेलंच पुन्हा वाचतो. स्कॉलरशिपची पुस्तकं तशीच पडून आहेत आणि मध्यंतरी दप्तरात काडेपेटी, नायलॉनची दोरी आणि फळं कापायचा चाकू सापडला. हे वेड कशाचं? मुलगा घरावर नाराज आहे का? आणि यातून बाहेर काढून त्याला चांगल्या साहित्याकडे कसं वळवायचं?

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, आधी चोपडा तालुक्यात आणि मग जळगावात. निवृत्तीनंतर सुट्ट्यांमध्ये वाचनवर्ग घेते. त्यात शहरातली मुलं येतात, तशी सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांतलीही येतात. त्या अनुभवावर हे उत्तर. शेवटच्या प्रश्नाचं आधीच सांगून टाकते: बाहेर काढू नका. तो जे वाचतोय ते चांगलंच आहे. कोणतं पुस्तक चांगलं आणि कोणतं भुसकट, हा प्रश्न मात्र आहे, त्याकडे येईनच.

आपण मोठी माणसं समजतो की मुलांना यात धोका आवडतो. अस्वल, वादळ, मरता मरता वाचणं. मलाही कुणी न पाहता विचारलं असतं तर मी तेच म्हटलं असतं. पण ग्रंथालयातलं पुस्तक कुठे वाचलं गेलंय ते त्याच्या कडेवरून कळतं. अस्वलाची पानं पांढरी असतात. मळलेली, घडी पडलेली, पुस्तक हातात घेताच आपोआप उघडणारी पानं निराळीच असतात. आग कशी पेटवली, पाणी कसं मिळवलं, आडोसा कसा उभा केला, पहिला मासा कसा धरला. म्हणजे कामाची पानं. मुलांना संकट लागतं ते काम सुरू व्हायला निमित्त म्हणून. विमान पडायला लेखकाने वीस पानं घेतली की मुलं कंटाळतात. 'पडू द्या ना एकदाचं' असं एकाने मला वर्गात सरळ सांगितलं होतं.

गॅरी पॉलसन या अमेरिकन लेखकाची 'हॅचेट' ही १९८७ सालची कादंबरी घ्या. तेरा वर्षांचा ब्रायन वडिलांना भेटायला छोट्या विमानाने कॅनडात चाललेला असतो. वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो, विमान जंगलातल्या तळ्यात कोसळतं आणि मुलाच्या कमरेला आईने दिलेली एक छोटी कुऱ्हाड तेवढी उरते. पुढचे चोपन्न दिवस तो तिथे एकटा काढतो. ही गोष्ट मी वर्गात तोंडी सांगते आणि आगीच्या प्रसंगाला मुद्दाम हळू होते. रात्री त्याच्या कपारीत साळिंदर शिरतं, तो अंधारात कुऱ्हाड फेकतो, ती दगडाच्या भिंतीवर आपटते आणि ठिणग्या उडतात. पायात साळिंदराचे काटे घुसलेले असतात, त्यामुळे ठिणग्यांचा अर्थ त्याला तेव्हा कळत नाही. दुसऱ्या दिवशी कळतो. मग तो त्या दगडावर कुऱ्हाड मारत बसतो. ठिणगी वाळल्या गवतावर पडते आणि विझते. बारीक काटक्यांवर पडते, विझते. खिशातली वीस डॉलरची नोट फाडून तिचे तुकडे ठेवतो, तरी नाही. शेवटी भूर्जाच्या सालीचे केसासारखे बारीक धागे सोलून त्यांचं घरटं करतो. ठिणगी त्यात टिकते, लाल ठिपके दिसतात आणि परत विझतात. तेव्हा त्याला उमगतं की फुंकर राहिली. आगीला हवा लागते हे शाळेत शिकलेलंच असतं.

या प्रसंगात वर्ग कसा बसतो ते बघायला हवं. विज्ञानाच्या पुस्तकात ज्वलनाला लागणाऱ्या तीन गोष्टी मुलांनी पाठ केलेल्या असतात: इंधन, हवा, उष्णता. इथे त्या तीन गोष्टी एकेक करून कमी पडतात आणि प्रत्येक वेळी आग विझते. नोट फाडल्यावर मुलं हसतात, कारण वीस डॉलरला तिथे वाळल्या पानाइतकीसुद्धा किंमत उरलेली नसते. आणि एखादा तरी हात वर येतोच. सातपुड्यात जुन्या माणसांकडे चकमक असायची आणि ठिणगी धरायला सावरीचा कापूस. पाड्यावरच्या एखाद्या मुलाने आजोबांकडे ते पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. ब्रायन नोट फाडायला लागला की एका पोराच्या तोंडून अहिराणीत निघून गेलं होतं, 'त्याले इतलं बी समजस नही का?'

दुसरं एक कारण आहे आणि ते आपल्याला, शिक्षक-पालकांना, जरा झोंबणारं आहे. या गोष्टींत चुकीची शिक्षा चुकीतूनच मिळते, माणसाकडून नाही. ब्रायन अनोळखी फळं पोटभर खातो आणि रात्रभर ओकतो. एवढंच. 'तुला सांगितलं होतं ना' म्हणणारं तिथे कुणी नसतं, शेजारच्या मुलाशी तुलना नसते, लाल पेन नसतं. ठिणगी विझली तर विझली, पुन्हा मार. बारा वर्षांच्या मुलाच्या दिवसात अशी जागा कुठे आहे सांगा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तो जे करतो ते कुणीतरी तपासतं. गणित चुकलं तर ते का चुकलं हे शोधायच्या आत पुढचं गणित येतं. पुस्तकातला मुलगा एकाच अडचणीशी दिवसभर झुंजू शकतो, हे त्याला श्रीमंती वाटतं.

आता तुमचा घरावरच्या नाराजीचा प्रश्न. या सगळ्या गोष्टींत पहिल्या काही पानांतच आईवडील बाजूला केले जातात, कारण ते असले तर गोष्ट उभी राहत नाही. बाप असेल तर आग बाप पेटवेल. तेव्हा मुलगा आईबाप नसलेली गोष्ट वाचतो म्हणून त्याला आईबाप नको आहेत असं नाही. मोठ्यांशिवाय मला जमेल का, एवढंच तो सुरक्षित जागी बसून पाहत असतो. बहुतेक वेळा पलंगावर, पंख्याखाली आणि जेवायला हाक येईल या भरवशावर. उलट ज्या मुलांचे आईवडील खरोखर दूर असतात ती हेच पुस्तक निराळं वाचतात. नंदुरबार आणि धुळ्याच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं आहेत, चाळीसगाव पट्ट्यातूनही लोक कोयता घेऊन निघतात. मुलं आजीजवळ किंवा वसतिगृहात राहतात. ब्रायनच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला आहे, त्याचं दुःख सगळ्या पुस्तकभर खाली वाहत असतं. शहरातल्या मुलांना तो भाग लांबण वाटतो. वसतिगृहातली मुलं नेमकं तिथे गप्प होतात. तेव्हा तुमचा मुलगा कोणत्या पानावर थांबतो ते पाहा. त्याने कधी तोंडाने म्हटलं की घरी राहायचं नाही, तर ते शांतपणे, पूर्ण ऐकून घ्या. पण त्याचं खापर पुस्तकावर फोडू नका.

वाचनाच्या बाजूने या गोष्टींचा एक मोठा उपयोग आहे, तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. माणूस एकच, जागा एकच, दिवस ओळीने पुढे सरकणारे. नावांची भाऊगर्दी नाही, 'तो म्हणाला, ती म्हणाली' नाही. दगड, लाकूड, दोरी, पाणी, भूक असे हाताला लागणारे शब्द आणि उचलणं, घासणं, बांधणं, ओढणं अशी क्रियापदं. ज्या मुलाच्या घरी अहिराणी, लेवा गणबोली किंवा पावरी बोलली जाते आणि पुस्तकातली मराठी ज्याला अजून परकी वाटते, तो या गोष्टीत हरवत नाही. पाठ्यपुस्तकातला धडा अडखळत वाचणारी मुलं असलं लांबलचक पुस्तक संपवतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. तेव्हा 'हेच काय वाचतोस' म्हणण्याआधी तो किती पानं वाचतोय ते मोजा.

आपल्याकडे अशा गोष्टी कमी का, असंही मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. वनवास आपल्याला नवा नाही. रामाचा आहे, पांडवांचा आहे. पण वनात रोज जेवण कुठून आणायचं हा प्रश्न महाभारताने युधिष्ठिराला सूर्याकडून अक्षय थाळी देऊन मिटवून टाकला. द्रौपदीचं जेवण होईपर्यंत थाळी रिकामी होत नाही. हे सांगितलं की सर्व्हायव्हलच्या, म्हणजे संकटात एकट्याने तगून राहण्याच्या, गोष्टींवर वाढलेली मुलं नाराज होतात. मग त्यात काय मजा, म्हणतात. लोककथेतल्या रानात वाट चुकलेल्या पोराला म्हातारी भेटते, साधू भेटतो, बोलणारा पक्षी भेटतो. आपल्या गोष्टीला माणसाला अगदी एकटं सोडवत नाही. नंतरच्या काळात मारुती चितमपल्ली, व्यंकटेश माडगूळकर यांनी मराठीत जंगल आणलं, आणि काय आणलं! पण ते निरीक्षकाचं जंगल आहे, वहीत नोंद करणाऱ्याचं. मुलांच्या बाजूला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून चोरांच्या मागे धावला. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. जंगलात अडकलेलं, मराठी बोलणारं एकटं पोर मात्र त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहून गेलं. कुणी लिहिणारं हे वाचत असेल तर सातपुडा मोकळा आहे.

मोकळा म्हणताना एक अडचण आहे, आणि ती मला धडगावकडच्या एका पावरा आदिवासी मुलीने दाखवली. ब्रायन अनोळखी फळं खाऊन आजारी पडतो तो भाग मी सांगत होते. बाकीची मुलं 'ई' करत होती. ही मुलगी गोंधळली होती. तिने विचारलं, 'त्याला आजी नव्हती का?' फळ कोणतं खायचं हे पोराला ठाऊक नाही हेच तिला पटत नव्हतं. चारोळी, टेंभुर्णी, मोहाची फुलं कधी गोळा करायची, पळसाच्या मुळाच्या सालीची दोरी कशी वळायची, हे तिच्याकडे घरातूनच आलेलं. पुस्तकातलं 'निर्जन जंगल' तिच्या लेखी गाव होतं. शहरातल्या मुलाला ही गोष्ट आवडते कारण त्याला यातलं काही येत नाही. तिला ती हळूहळू आवडत गेली ती उलट कारणाने: तिला येतं त्या गोष्टीवर कुणीतरी अख्खं पुस्तक लिहिलं होतं. शाळेत त्या ज्ञानाला एका गुणाचीही किंमत नव्हती. पुढच्या तासाला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली आणि ब्रायनच्या चुका काढत राहिली.

तिच्या त्या प्रश्नाला जगाने २०२३ मध्ये उत्तर दिलं. १ मे रोजी कोलंबियात, ॲमेझॉनच्या जंगलात एक छोटं सेसना विमान कोसळलं. त्यातली मोठी माणसं वाचली नाहीत. चार भावंडं वाचली. सगळ्यात मोठी बहीण तेरा वर्षांची, मग नऊ, चार आणि सगळ्यात धाकटं अकरा महिन्यांचं. ४० दिवसांनी, ९ जूनला ती जिवंत सापडली. मुलं हुईतोतो आदिवासी. विमानात कसाव्याचं पीठ होतं, ते पुरेल तेवढे दिवस पुरवलं. मग जंगलातली फळं आणि बिया. कोणतं फळ चालतं हे घरच्यांनी, विशेषतः आजीने शिकवलेलं. शोध घ्यायला सैनिक होते तसे त्या जंगलाचे जाणकार आदिवासीही होते, आणि हेलिकॉप्टरमधून आजीच्या आवाजातला निरोप तिच्याच भाषेत भोंग्यावर वाजवला जात होता. ही हकिकत मी सांगते तेव्हा 'त्याला आजी नव्हती का' हा प्रश्न कुणाला हास्यास्पद वाटत नाही. शोधपथकातला विल्सन नावाचा कुत्रा त्या जंगलात हरवला आणि पुन्हा मिळाला नाही. चार मुलं वाचल्याचा आनंद झाला तरी वर्गात पहिला प्रश्न दर वेळी विल्सनचाच येतो. मी खरं तेच सांगते.

दुसरी खरी हकिकत युलियाना कोएप्केची. १९७१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पेरू देशात तिचं विमान वादळात सापडलं, वीज पडली आणि ते हवेतच मोडलं. विमानातल्या ९२ जणांपैकी सतरा वर्षांची ती एकटी वाचली. खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर खाली, झाडांवर पडली. आईवडील प्राणिशास्त्रज्ञ, जंगलातल्या संशोधन केंद्रात ती राहिलेली. सोबत असलेली आई या अपघातात गेली. वडिलांचं शिकवलेलं एक वाक्य तिच्या कामी आलं: ओहोळ सापडला की त्याच्याबरोबर खाली जा, ओहोळ नदीला जातो आणि नदीवर माणसं असतात. अकरा दिवस ती चालत आणि पोहत राहिली, खायला थोड्या गोळ्या-चॉकलेटं. दंडाच्या जखमेत किडे पडले होते. लाकूडतोड्यांच्या झोपडीपाशी पेट्रोल मिळालं, ते तिने जखमेवर ओतलं, कारण वडिलांनी कुत्र्याच्या जखमेवर रॉकेल ओतून किडे काढलेले तिने पाहिले होते. शहरातली मुलं इथे तोंड फिरवतात. शेतकऱ्याघरची पोरं मान डोलावतात. बैलाच्या जखमेत किडे पडले की काय करतात ते त्यांनी गोठ्यात पाहिलेलं असतं.

या दोन्ही हकिकतींत पराक्रम फारसा नाही. आधी कधीतरी, निवांतपणी, कुणीतरी शिकवलेली एखादी साधी गोष्ट आहे. माझ्या मते मुलांना या जातीच्या पुस्तकांत हेच खोलवर भिडतं: आपल्याला काही येत असेल तर त्याने जीव वाचू शकतो. नाहीतर त्यांना जे जे शिकवलं जातं ते परीक्षेच्या दिवसाच्या पलीकडे कशाला लागेल हे त्यांना कुणी दाखवत नाही.

'ही मुलांची पुस्तकं, मुलींना काय' असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांच्यासाठी स्कॉट ओडेल यांची १९६० सालची 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स'. सान निकोलास बेटावर १८३५ ते १८५३ अशी अठरा वर्षं एकटी राहिलेल्या एका आदिवासी स्त्रीच्या खऱ्या आयुष्यावरून ती लिहिलेली आहे. कादंबरीतल्या कराना नावाच्या मुलीला रानटी कुत्र्यांपासून वाचायला भाला हवा असतो, पण तिच्या जमातीत बाईने हत्यार बनवू नये असा नियम आहे. बनवलं तर वारा उठेल, धरणीकंप होईल, हत्यार ऐन वेळी मोडेल, असं काहीबाही तिने ऐकलेलं असतं. बेटावर तर कुणीच नाही, तरी तिचा हात अडतो. मुलींच्या वर्गात या एका प्रसंगावर तासभर बोलणं होतं आणि मला मध्ये तोंड घालावं लागत नाही. बाईने नांगर धरला तर पाऊस पडत नाही, असलं काही ना काही प्रत्येकीच्या घरी असतंच.

रॉबिन्सन क्रूसोचं काय, असं तुम्ही विचाराल, कारण संक्षिप्त रूपात तोच बहुतेक घरांत असतो. डॅनियल डिफोचं ते पुस्तक १७१९ सालचं. असं खरंही घडलेलं होतं: त्याआधी अलेक्झांडर सेलकर्क नावाचा खलाशी पॅसिफिकमधल्या एका बेटावर १७०४ ते १७०९ असा चार वर्षांहून जास्त काळ एकटा राहून परत आला होता. फुटक्या जहाजावरून सामान काढण्याची पानं आजही मुलं जीव ओतून वाचतात. पण क्रूसोला बेटावर फ्रायडे भेटतो तो भाग आला की मी थांबते. माणूस भेटल्याबरोबर क्रूसो त्याचं नाव न विचारता स्वतःच एक नाव ठेवतो आणि 'मालक' म्हणायला शिकवतो. वर्गात विचारते, फ्रायडे त्या बाजूचाच. पाण्याची, फळांची, होडीची जास्त माहिती कुणाला असेल? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. तुम्हीही घरी विचारून पाहा.

टीव्हीवरच्या आणि मोबाइलवरच्या सर्व्हायव्हल कार्यक्रमांबद्दल मी फार बोलणार नाही. एकट्या माणसासमोर कॅमेरावाला उभा आहे, हे चौथीच्या मुलालाही कळतं. शिवाय तिथे आग मिनिटात पेटते.

आता निवड. हल्ली या जातीची पुस्तकं रंगीत मुखपृष्ठांनिशी ढिगाने येतात आणि त्यांतली बरीच टाकाऊ असतात. मी दुकानात पुस्तक मधोमध उघडते आणि कामाचं एखादं पान शोधते. 'त्याने लाकडं गोळा करून आग पेटवली' असं एका वाक्यात उरकलेलं असेल तर पुस्तक परत ठेवते. लेखकाला आग पेटवायची माहिती नाही किंवा वाचकावर विश्वास नाही, दोन्ही वाईटच. मग प्राणी बघते. लांडगा, साप, बिबट्या केवळ खलनायक म्हणून धावून येत असतील तर लेखक जंगलात गेलेला नाही. आपल्याकडच्या मुलांना हे पटकन कळतं. चाळीसगाव तालुक्यात २०१७ च्या हिवाळ्यात बिबट्याने माणसं मारली तेव्हा संध्याकाळी शेतं ओस पडायची. त्या गावांतल्या मुलांना बिबट्याचं भय शिकवावं लागत नाही, पण पानापानाला गुरगुरणारा बिबट्याही त्यांना खोटा वाटतो. आणि शेवटी जागा बघते. सातपुड्यात पाइनची झाडं आणि मे महिन्यात खळाळणारे ओढे लिहिणाऱ्याने भुसावळचा उन्हाळा एकदा तरी अंगावर घ्यावा. तज्ज्ञांचा एक ढोबळ हिशेब असतो: हवेशिवाय तीन मिनिटं, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे. आपल्या ४५ अंशांत पाण्याचे तीन दिवस कुणी धरून चालू नये. खान्देशात घडणाऱ्या गोष्टीत नायकाने सगळ्यात आधी सावली शोधली पाहिजे आणि मग कोरड्या नदीच्या वाळूत झिरा, म्हणजे पाणी झिरपून येईल असा खड्डा, खणला पाहिजे. अस्वल नंतर.

तुमच्या मुलाने काय करावं यापेक्षा तुम्ही काय करावं ते सांगते. दप्तरातल्या काडेपेटीवरून घरात रणकंदन नको. हिवाळा आला की भरीत पार्टी होणारच, कुणाच्या ना कुणाच्या शेतात. बामणोदची वांगी आणा आणि आगीचं काम त्याच्याकडे द्या, सगळं. पऱ्हाटीच्या काड्या त्यानेच आणायच्या, ओल्या-वाळल्या त्यानेच निवडायच्या, रचायच्या, पेटवायच्या. काकांना आणि मामांना आधीच सांगून ठेवा की मध्ये हात घालायचा नाही. धूर होईल, दोन-तीन काड्या वाया जातील, वांगी एका बाजूने कच्ची राहतील. भाकरी थोडी उशिरा खा. पेटवायची जागा मोकळी, जवळ पाण्याची बादली आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात, एवढंच तुमचं काम. विझवायचंही त्यानेच, राख हाताला गार लागेपर्यंत. घरी आल्यावर तो आगीचं ते पान पुन्हा वाचतो की नाही ते बघा.

चाकूचं मात्र नियमात बसवा. शाळेच्या दप्तरात चाकू जाणार नाही. त्यावर वाद नाही. घरी त्याच्या नावाचा एक चाकू असू दे, भाजी चिरायला, दोरी कापायला, काठी तासायला. आपल्या अंगाच्या दिशेने कापायचं नाही, चालताना उघडा धरायचा नाही, कुणाला देताना मुठीकडून द्यायचा. सहावीच्या मुलाला हे जमतं. तापी, गिरणा किंवा धरणाच्या पाण्यावर एकट्याने किंवा मित्रांबरोबर जायचं नाही, हेही याच बैठकीत सांगा. पुस्तकातल्या मुलांना पोहता येतं म्हणून आपल्यालाही येईल असं वाटणारं वय आहे, आणि दर उन्हाळ्यात त्याच्या बातम्या आपण वाचतो. पोहायला शिकवा, हे खरं उत्तर.

स्कॉलरशिपशी या पुस्तकांचं भांडण लावू नका. अभ्यासाची वेळ अभ्यासाला, पण पुस्तक काढून घेणं ही शिक्षा म्हणून वापरू नका. मग वाचन हीच लबाडीने करायची गोष्ट होऊन बसते. पुढचं पुस्तक द्यायचं तर याच वाटेवरचं, एक पाऊल पुढचं द्या. एकट्याकडून टोळीकडे. शॅकल्टन या ब्रिटिश संशोधकाची दक्षिण ध्रुवाकडची मोहीम या वयाला फार चांगली लागते. १९१५ मध्ये त्यांचं 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात चिरडलं गेलं, २८ माणसं बर्फावर आली. पुढे २२ जणांना एलिफंट बेटावर ठेवून सहा जण एका उघड्या होडीतून सुमारे १३०० किलोमीटर समुद्र कापून मदत आणायला गेले, आणि त्या २८ जणांतला प्रत्येक जण जिवंत परतला. इथे प्रश्न बदलतो. आग पेटवणं जमलं, पण चिडलेल्या, भुकेल्या माणसांना महिनोन्‌महिने एकत्र कसं ठेवायचं? तिथून चरित्रं, इतिहास, कादंबऱ्या आपोआप लागतात. ज्याला तुम्ही चांगलं साहित्य म्हणता तेही त्यातच येतं.

आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याला सातपुड्यातल्या पालला किंवा मनुदेवीला घेऊन जा, तिथल्या एखाद्या माहीतगार माणसाला सोबत घेऊन. झाडं ओळखायला लावा, वहीत चित्रं काढू द्या, चव मात्र त्या माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय कशाचीच नाही. बिब्याचं झाड पहिलं दाखवा. त्याच्या कच्च्या फळाचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि उत्साही मुलांचा हात नेमका तिथेच जातो.